सरांची सही

पीएच.डी.ला माझी नोंदणी झाली तेव्हा आप्पांनी आडतीवर हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. आमचं घर कळंबचं, लिंगायत वाण्याचं, तूर-सोयाबीनच्या उलाढालीवर चाललेलं. त्या घरातली मुलगी शेळ्यांवर अभ्यास करणार म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला. शेळ्यांवर नाही, शेळ्या पाळणाऱ्या बायकांवर, विषय समाजशास्त्राचा आहे, असं मी तिला समजावलं. तिला फरक कळला नाही. पुढं पुढं तो समजावण्याचं त्राण माझ्यातही उरलं नाही.

माझे गाईड धाराशिवचे. नाव मोठं, बोलणं गोड. पहिल्याच भेटीत म्हणाले, "तू मला मुलीसारखी." मला बरं वाटलं होतं. मुलीसारखी म्हणजे काय, ते हळूहळू उलगडत गेलं. मी कळंबच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सुट्टीचा एक रविवार मिळायचा, तो सरांच्या घरी जायचा. प्रकरण घेऊन जायचं आणि व्हरांड्यात बसायचं. बसल्या बसल्या त्यांचं दळण आणायचं, पाहुण्यांना चहा करायचा, सरांच्या नव्या पुस्तकाची प्रुफं तपासायची. त्या पुस्तकातली दोन प्रकरणं मी लिहिली होती. पुस्तकात माझं नाव आभारातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळ व्हायला आली की सर माझे कागद उचलायचे. दोन पानं उलटायचे आणि समोर कोण बसलंय हे न बघता म्हणायचे, "हे काय लिहिलंस? तू आपली शेळ्याच हाक. तेवढंच जमेल तुला." कुणीतरी हसायचं. सुरुवातीला मी काय चुकलं ते विचारायची. ते म्हणायचे, "तेही मीच सांगू?" मग मी विचारायचं सोडलं. रडायचंही सोडलं. ते बोलायला लागले की त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं बघत राहायची. परतीच्या एसटीत येडशीच्या आधीच डोळा लागायचा, आणि कळंबच्या स्टँडवर कंडक्टर उठवायचा.

जिवाला थोडा आराम मिळायचा तो ईट गावात. माझ्या अभ्यासातल्या बऱ्याच बायका त्या भागातल्या. त्यातल्या एका मावशीच्या दारात मी तासन्‌तास बसायची. तिच्या चार-पाच काळ्याभोर शेळ्या, कान लांब लोंबते. पाला टाकता टाकता ती नवऱ्याचं, सुनेचं, बाजाराचं सांगत राहायची, मी लिहून घ्यायची. एकदा सरांचा फोन येऊन गेल्यावर तिनं विचारलं, "लेकी, तुजा सायब लई कडक हाय का गं? फोन वाजला की तुजं त्वांड उतरतंय."

"न्हाय मावशी, चांगले आहेत," मी म्हणाले. मला खरं बोलायचाही कंटाळा आला होता.

मग सरांच्या घरी कंदुरी निघाली. नवस फेडायला बोकड कापून गावजेवण घालायचं होतं. सरांनी मला आत बोलावलं.

"तुझ्या त्या ईटच्या बायका आहेत ना, त्यांच्याकडून एक चांगला बोकड आण. तुझ्या शब्दावर देतील. आणि त्या दिवशी वाढायला लवकर ये."

"सर, आमच्या घरात चालत नाही," मी म्हणाले.

"तुला कोण खायला सांगतंय?"

मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मावशीचा एक बोकड होता, तो तिनं दिवाळीच्या बाजारासाठी राखलेला. तिनं तो मला दिलाही असता, हे मला माहीत होतं. त्याचीच भीती वाटली.

"मी नाही मागणार सर त्यांना."

आवाज इतका बारीक निघाला, की मी बोलले की नुसतं मनात म्हणाले, मलाच कळेना. सरांना मात्र ऐकू गेलं होतं. ते ओरडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. जा तू."

त्यानंतर त्यांनी सही केली नाही. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर गाईडची सही लागते, ती नसली तर नोंदणीच धोक्यात येते. मी डिपार्टमेंटला गेले की सर मीटिंगमध्ये असायचे. फोन उचलायचे नाहीत. शेजारच्या विभागातल्या एक मॅडम मला घ्यायला तयार झाल्या, पण गाईड बदलायला आधीच्या गाईडची ना-हरकत लागते. म्हणजे पुन्हा तीच सही. विद्यापीठात तक्रारीचा अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी तो वाचून सांगितलं, "मॅडम, आपसात मिटवा."

एका दुपारी मी आडतीवर जाऊन पोत्यावर बसले आणि आप्पांना म्हणाले, "मी सोडून देते."

आप्पांनी गिऱ्हाईक वाटेला लावलं, मग सगळं विचारून घेतलं. मी पहिल्यांदाच बोकडाचं सांगितलं. त्यांनी आडतीची वही मिटली. "उद्या मी येतो संगं," एवढंच म्हणाले.

"आप्पा, भांडू नका. तुमच्या पाया पडते."

"भांडायला कशाला? नुसतं बसतो की."

आणि ते खरंच नुसते बसले. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर भस्म. डिपार्टमेंटच्या दारासमोरच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन. सर आले, तसा आप्पांनी उठून नमस्कार केला. "पोरीच्या सहीसाठी आलोय सर. तुमच्या सवडीनं करा." सर आत गेले. येणारा-जाणारा विचारायचा, "बाबा, कोण पाहिजे?" आप्पा प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "माजी पोरगी हितं शिकती. सरांची सही ऱ्हायलीय." शिपायाला सांगितलं, परीक्षेला आलेल्या पोरांना सांगितलं, प्राचार्य जाताना थांबले तर त्यांनाही तेच, त्याच आवाजात. दुसऱ्या दिवशी आडत बंद ठेवून पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही.

मी खांबाच्या आडोशाला उभी होते. एम.ए., नेट झालेली, तिशी उलटलेली बाई, आणि माझ्या सहीसाठी म्हातारा बाप बाकावर बसला होता. मला लाज वाटत होती. सरांची वाटायला हवी होती, पण वाटत होती ती माझीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं मला माहीत नाही. सर बाहेर आले, माझ्या हातातला ना-हरकतीचा अर्ज ओढून घेतला, भिंतीवर टेकवून सही केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. आप्पांनी सही नीट बघितली. "झालं न्हवं? चल, गाडी निघंल."

मॅडमकडं सगळं परत लिहावं लागलं. त्या कडक होत्या, पण चूक कुठं आहे ते सांगायच्या. त्यांनी पहिल्यांदा कागदावर "हे चांगलं झालंय" असं लिहिलं, तेव्हा मला त्यावर विश्वास बसेना. मी फोन करून विचारलं, "मॅडम, खरंच?" तोंडी परीक्षा झाली, हार घातले, फोटो निघाले. आप्पांनी पुन्हा पेढे वाटले. मला आनंद होईल म्हणून मी वाट बघत होते. घरी येऊन झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले.

सर अजून तिथंच आहेत. मी अजून तासिकेवरच आहे. मध्यंतरी परंड्याच्या एका मुलीचा फोन आला. तिला त्यांच्याकडं नोंदणी करायची होती. "मॅडम, सर कसे आहेत हो?" मी तिला काहीच लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, दुसऱ्या कुणाकडं जागाच न्हाय."



"मग घरी जाऊ नको त्यांच्या," मी म्हणाले. "काही झालं तरी डिपार्टमेंटलाच भेट. आणि पहिल्यांदा काम सांगतील ना, तेव्हाच न्हाय म्हण. उशीर केला की लई जड जातं."

"व्हय मॅडम," ती म्हणाली.