दुसऱ्याच्या टॅबवर

मी चंद्रपूरच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा प्रकल्पासाठी मला धानोऱ्याकडच्या एका शाळेत पाठवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून असेल कदाचित, पण सोपवलेल्या कामात चूक होऊ नये याची मला फार धास्ती असायची.

सातवीच्या मुलांनी टॅबवर गणिताचा खेळ खेळायचा होता. अस्वल नदी ओलांडतं, प्रत्येक दगडावर एक गणित. टप्पा जिंकला की त्या मुलाच्या नावावर ब्लॉकचेनमध्ये नोंद होते. ती नोंद एकाच ठिकाणी नसते. अनेक संगणकांवर, एकीला दुसरी जोडलेली, साखळीसारखी. त्यामुळे मागची कडी कोणालाच गुपचूप बदलता येत नाही. मला हे मनापासून आवडलं होतं. इथे ओळखपाळख चालणार नव्हती. या नोंदींवरूनच शाळेतून एका मुलाची किंवा मुलीची तालुक्याच्या निवासी विज्ञान वर्गासाठी निवड व्हायची होती.

वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला तिथे जायचंच होतं. रोज विचारायची, "ताई, तिथं खरीखुरी दुर्बीण आहे ना?"

यादी आली. वर तिच्या मैत्रिणीचं नाव होतं. हिचे जेमतेम चार टप्पे. मी तिला बोलावून विचारलं.

"माझं राहू देल्लं मी," ती म्हणाली. "बाकीचे अडकून राह्यले होते, त्याइचं करून देल्लं."

"किती जणांचं?"

"पाच जणाइचं. माझ्या मैत्रिणीचं बी. काऊन, नाई करायचं होतं का?"

मैत्रीण मागून हसली. "ताई, तू कालेजात शिकतं अन् तुले दिसलं नाई? वर्गात तूच तर बसून राहत होती!"

खरंच होतं. मी खिडकीपाशी मोबाईलला नेटवर्क शोधत बसायचे.

मोहाच्या दिवसांत मी या मुलांसोबत फुलं वेचायला गेले होते. ज्यांचं झाड आधी वेचून होतं, ते न सांगता शेजारच्या झाडाखाली जाऊन बसतात. फुलं मात्र ज्याचं झाड, त्याच्याच टोपलीत पडतात. मीही तशीच वेचली होती. टॅब वाटताना मात्र यातलं काही मला आठवलं नाही.

मी कॉलेजातल्या, प्रकल्प बघणाऱ्या सरांना फोन केला.

"खोडता येणार नाही," ते म्हणाले. "नवी नोंद जोडता येईल, की या पाच जणांचे टप्पे या मुलीने खेळले. मग हिचा विचार होईल. पण त्या पाच नावांपुढे ते कायम राहील. उद्या संध्याकाळपर्यंत कळव."

दुसऱ्या दिवशी हातपंपापाशी मी तिला सगळं सांगितलं आणि काय करायचं ते विचारलं.

"म्हंजे त्याइनं चोरी केली असं दिसन?"

"वाचणारे तसंच वाचतील."

"मोठे झाले तरी?"

"हो."

तिने भरलेली कळशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मंग नोको लिहू." मग कळशी परत उचलत म्हणाली, "माझं नाव दुसऱ्या कशानं नाई लागत का, ताई?"

 संध्याकाळी मी सरांना यादी आहे तशीच राहू दे, असं कळवलं. तिनेच नको म्हटलं, असं मी स्वतःला सांगते. पण ती बारा वर्षांची होती, आणि तिच्याकडून हेच ऐकायला मिळावं म्हणून तर मी तिला विचारलं नव्हतं ना, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

मैत्रीण तालुक्याच्या विज्ञान वर्गाला गेली. उरलेल्या दिवसांसाठी मी नियम केला, की प्रत्येकाने फक्त आपल्याच टॅबवर खेळायचं.

एकदा पलीकडून एक मुलगी त्या हुशार मुलीकडे बघून ओरडली, "अवं, इकडं ये ना, माझं अस्वल बुडून राह्यलं!"

ती अर्धी उठली. माझ्याकडे पाहिलं, आणि परत खाली बसली.