कुरडयांवरची मांजर

लिंबू चिरलं की मला कर्जतच्या आमच्या गच्चीत वाळणाऱ्या कुरडया आठवतात. आमची पांढरी मांजर जन्मापासून बहिरी आणि त्याहून हट्टी. काकूने साडी पसरून कुरडया घातल्या, की ती नेमकी मधोमध जाऊन झोपायची. तिला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही सगळे तिच्यावर ओरडायचे. एकदा काकू फारच भडकली. "आज परत बसली ना, तर दुधाच्या टेम्पोतनं शेतावर धाडते. सांगून ठेवलंय मी टेम्पोवाल्याला. मग बस म्हणावं तिथं उंदरं धरत!" मला वाद घालता येत नसे. पण मांजरांना लिंबाचा वास सोसत नाही, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. सरबताच्या लिंबांच्या साली मी साडीच्या कडेने मांडल्या आणि पाण्याच्या टाकीमागे श्वास रोखून बसले. मांजर आली, तिने वास घेतला, पंजा झटकला, साडीला रागारागाने पूर्ण वळसा घातला आणि राखणीला बसलेल्या काकूच्या मांडीवर मुटकुळं करून झोपली. काकूने उगारलेला हात हळूच तिच्या पाठीवर आला. तेवढ्यात खालून टेम्पोवाल्याची हाक आली, "वैनी, मांजर न्यायची हाय ना?" "कंची मांजर? जा की गुमान!" काकू एवढ्या जोरात ओरडली, तरी मांजरीचा कानसुद्धा हलला नाही, आणि टाकीमागे मी तोंड दाबून हसत राहिले. आता मांजर म्हातारी झाली आहे. तिला त्या मांडीवरून उठवायचा उपाय मात्र मला अजून सापडलेला नाही.