एकशेऐंशीचे दोन पॉइंट एक

तुमच्या छातीवरच्या बिल्ल्याचा आकडा काल एकशेऐंशी होता आणि आज तुमच्याच जिवलग मित्रानं येऊन सांगितलं की तो दोन पॉइंट एकवर उतरला, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा, नाचाल की नाही? मग सगुण नाचला म्हणून त्याला हसू नका.

सगुण मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा. डिचोलीजवळच्या एका खनिज धुण्याच्या प्लांटवर पंप ऑपरेटर म्हणून आला आणि इथलाच झाला. आवाज असा की पंपाच्या घरघरीतून पलीकडच्या माणसाला हाक पोचावी. प्लांटवर गाळ वाहून नेणारा एक जाड पाईप आहे आणि त्याला शिशाचा एक डबा बसवलेला आहे. डब्यातून किरणं सुटतात, पाईपातून आरपार जातात, आणि आतला गाळ दाट की पातळ ते पलीकडच्या यंत्राला कळतं. पाईप तुंबला की किरणं अडवायला डब्याची झडप लावायची, मग माणसांनी पाईप खोलून हातानं गाळ उपसायचा, अशी रीत. पण झडप गंजली, अर्धीच लागू लागली. अंगावर किती किरणं पडली ते मोजायला प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. दर तीन महिन्यांनी बिल्ले लांबच्या लॅबला जातात आणि आकडा येतो. सगुणचा आला एकशेऐंशी.

सगळ्यांनी ठरवलं, झडप दुरुस्त होईपर्यंत पाईपाला हात लावायचा नाही. पुढे सगुणच होता. मॅनेजरच्या तोंडावर म्हणाला, "तुमचो हात घाला आत, मागीर आम्ही घालतो."

आता त्या मित्राचं सांगतो. गुरुदास, जवळच्याच मये गावचा. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, ह्यावरून आंदोलन पेटलं तेव्हा सगुण मराठीच्या मोर्चात आणि गुरुदास कोंकणीच्या. दिवसभर एकमेकांविरुद्ध घसा फोडायचे आणि संध्याकाळी एकाच हॉटेलात एका बशीतली भजी खायचे. गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या दिवशी दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. भाषेनं जे तुटलं नाही ते दुसऱ्या कशानं तुटेल असं सगुणला कधी वाटलंच नाही. म्हणून गुरुदासला कंपनीनं सुरक्षा सुपरवायझर केलं तेव्हा सगुण म्हणाला, "आता आपला माणूस आत बसला."

ह्याच आपल्या माणसानं गेटवर सगळ्यांना जमवलं. "लॅबचा नवा रिपोर्ट आलाय. सगुणाचा एकशेऐंशी होता ना? आता किती? दोन पॉइंट एक! डबा सुधारला रे बाबांनो. चला कामाला."

लोक सगुणकडे बघू लागले. त्यानं गुरुदासला मिठी मारली. मग आपल्याकडे होतं तसंच झालं. गेटजवळच्या राखणदार देवाच्या दगडावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सगुणलाच पुढे केलं. "बा देवा म्हाराजा, आकडा उतरला तसोच उतरत ऱ्हांव दी, पाईपात हात घालणाऱ्या लेकरांक सांभाळ!" मागून सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" नारळ वाढवला. संप मिटला. गाऱ्हाणं घातलं म्हणजे विषय संपला, त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

पुढच्याच आठवड्यात पाईप तुंबला. पाईप खोलण्याआधी डब्यापाशी काट्याचं जुनं मीटर धरून बघायचं असतं. त्या दिवशी ते सगुणच्या हातात आलं. काटा उठला आणि पाचच्या पुढे जाऊन थांबला, नेहमी थांबायचा तिथंच. सगुणनं मीटरवर थाप मारली, दूर नेलं, परत आणलं. पुन्हा तिथंच. झडपेकडे बघितलं, तर तोच गंज, तीच फट. लोक आत हात घालून गाळ उपसत होते आणि त्यांच्यातला धाकू ओरडत होता, "सगुणा, मीटर काय पुजतोस? फावडं दी!"

सुटल्यावर सगुण सरळ मयेला गेला. गुरुदास रस्त्याकडच्या उघड्या जनेलाशी बसून चहात उंडो पाव बुडवून खात होता.

"ये रे, बस. कोप आणू चहाचा?"

"चहा नको. काटा जुन्याच जागी कित्याक?"

गुरुदासनं उंडो खाली ठेवला. "मीटर जुनं आहे."

"मीटर जुनं, डबा जुना, गंज जुना. आकडा तेवढा नवा?"

गुरुदासनं चहाही बाजूला सारला. मग म्हणाला, "माप बदललं लॅबनं. आधी मिलिरेममध्ये द्यायचे, आता मिलिसिव्हर्टमध्ये देतात. शंभर मिलिरेम म्हणजे एक मिलिसिव्हर्ट."

सगुण काही कॉलेजात गेला नव्हता, पण भाताची खंडी आणि कुडव त्याला कळत होते. वीस कुडव सांगितले काय आणि एक खंडी सांगितली काय, भात तेवढंच. त्यानं तिथंच गुणलं. दोन पॉइंट एक गुणिले शंभर. दोनशे दहा. उतरला नव्हता. चढला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"मर्यादेच्या आत आहे रे. कायद्याची मर्यादा खूप वर आहे. उगाच लोक घाबरतील म्हणून..."

"आत आहे तर दोनशे दहा म्हणून सांगायचं होतंस! झडप तशीच गंजलेली आहे म्हणून सांगायचं होतंस! माझ्या तोंडून देवाला खोटं सांगायला लावलंस?"

"खोटं एक अक्षर बोललो नाही मी. दोन पॉइंट एकच आहे तो आकडा."

"आणि डबा सुधारला म्हणालास, ते?"

"मला ती खुर्ची टिकवायची होती," इतकंच गुरुदास म्हणाला, जनेलाबाहेर बघत. सगुणचा हात उठला होता. तो त्यानं स्वतःच खाली घेतला आणि निघाला. घरी बायकोनं, विमलानं, विचारलं, "गुरुभाऊ बरे आहेत ना?" तेव्हा तो म्हणाला, "त्याचं नाव ह्या घरात काढू नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं लोकांना सगळं सांगितलं. शंभर म्हणजे एक, हे बोटांवर करून दाखवलं. धाकू हसला. "काल उतरला म्हणून गाऱ्हाणं घातलंस, आज चढला म्हणतोस. देवाक दोनदा फिरवतोस? का गुरुदासची खुर्ची होई तुका?" बाकीचे पांगले. सगुणचा शब्द त्यांनी एकदा मानला होता, आणि तोच शब्द आता त्यांना त्या फटीखाली घेऊन जातो आहे. त्याला झोप नाही ती ह्यापायी. मित्र गेला त्याचं दुःख तो गिळेल, पण ही माणसं त्याच्या आवाजावर विसंबून तिथं हात घालताहेत, ते त्याला गिळता येत नाही.

येत्या शुक्रवारी तो गेटवर दोन्ही आकडे एकाच मापात मोठ्यानं सांगणार आहे, एकटा असला तरी. तोवर पाईप पुन्हा तुंबेलच. तुमचा भाऊ, मुलगा, जावई त्या प्लांटवर असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच उठा, त्याच्याकडे जा आणि सांगा, झडप पुरी लागेपर्यंत त्या पाईपात हात घालू नको.