सासूबाईंचा हातगुण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — ह्यांनासुद्धा नाही. आज तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही.

इकडे उत्तरेत, सीपरी बाजारातल्या आमच्या घरी, बैठकीत, सासूबाईंनी लावलेला मनी प्लांट होता. खिडकीजवळच्या कुंडीतून निघून, दाराच्या चौकटीवरून फिरत वेल थेट देवघरापर्यंत पोचली होती. बाहेर लू, उन्हाळ्याचा तो भाजणारा वारा, चालायची तेव्हाही आत पानं हिरवीगार. माती बोटाने चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी घालायचं. पानं ओल्या फडक्याने पुसायची — एवढंच त्या करायच्या.

सासूबाई विधवा. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नसे, ओटी भरायला तर नाहीच. पण रोप लावायचं झालं की मोहल्ल्यातल्या बायका फांदी घेऊन त्यांच्याकडेच यायच्या. “अम्माजी, आप ही लगा दीजिए, आपके हाथ का लग जाता है.” मी सवाष्ण, शेजारीच उभी — मला कोण विचारतंय? मी लावलेलं सगळं कुजायचं. “पाणी फार घालतेस गं,” त्या हसून म्हणायच्या. माझ्या पोटात दुखायचं. हो, दुखायचं.

मग — कसं सांगू? त्यांना मोतीबिंदू झाला होता, म्हणून पाण्याचा तांब्या मी भरून द्यायची. त्या उन्हाळ्यात मी त्यात मीठ कालवू लागले. चिमूटभर नाही, मूठभर. आणि ते पाणी त्या स्वतःच्या हाताने, वेलीशी बोलत बोलत, कुंडीत घालत राहिल्या.

पानं पिवळी पडली, गळली. वेल वाळली. माझ्यावर संशय? छे. मलाच जवळ बसवून म्हणाल्या, “लोक म्हणतात तेच खरं गं. माझा हातच अपशकुनी.” पुढे बायका आल्या की “अब नहीं बेटा, बहू से लगवा लो,” म्हणत हात पदराखाली घ्यायच्या. तेव्हा खरं बोलायला मला काय झालं होतं? मी चहा टाकायला आत निघून गेले.

त्या तेच मनात घेऊन गेल्या.

त्यांच्यामागे मीही बोटाने माती चाचपायला शिकले. गेल्या महिन्यात शेजारची नवी सून फांदी घेऊन आली — “चाचीजी, आप ही लगा दीजिए. सब कहते हैं, आपका हाथ अम्माजी जैसा है.”

मी लावून दिली. तिने मूळ धरलंय.