जिवंत माणसाच्या फोटोला हार

अटलांटाला उतरले आणि भाचीने मला गाडीत घालून थेट तिचं उपनगर, अल्फारेटा गाठलं. वाटेत पाइनची उंच झाडं, एकसारखी घरं, आणि पायी चालणारा माणूस औषधालाही नाही! मी नागपूरची मास्तरीण, कोपऱ्यावर चार माणसं उभी दिसली नाहीत तर मला गावात संप आहे असं वाटतं.

रविवारी इथल्या आपल्या बौद्ध मंडळींचा मेळावा होता. जेवण पॉटलक (ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा). मी वडाभात केला. पाहुण्या होत्या नोमसाबाई, इथल्याच प्राध्यापिका. त्यांचे वडील दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले थोर नेते. उमेदीची सारी वर्षं तुरुंगात गेलेली.

हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी त्या नेत्यांचा फोटो, त्याला झेंडूचा घसघशीत हार, पुढे मेणबत्त्या. मी हात जोडले आणि भाचीला विचारलं, "कधी गेले गं?"

"गेले? मावशी, ते आहेत अजून! केपटाउनला असतात." आणि तिचा चेहराच उतरला. "ओ गॉड! सचिन, हार कोणी घातला?"

"प्रोग्रॅमला आपण घालतोच ना, यार," जावई म्हणाले.

शुभ-अशुभ आम्ही मानत नाही. तरी जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे काय! सचिनरावांनी हार काढायला हात घातला आणि दारात नोमसाबाई! मग मीच पुढे होऊन माझ्या मास्तरणीच्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे असा हार माणूस गेल्यावर घालतात, चूक झाली.

बाई खो खो हसल्या. मग फोटोकडे बघत राहिल्या. "लहानपणी माझे वडील म्हणजे फोटोच होते. आई रोज त्याला गुड नाइट म्हणायला लावायची. ते सुटले तेव्हा मी मोठी झाले होते आणि ते साऱ्या देशाचे. अजून आम्ही पाहुण्यांसारखं बोलतो. बरीच वर्षं मी तिकडे गेलेच नाही."

त्यांनी हाराचा फोटो वडिलांना पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल! लोकरी टोपीतले म्हातारबाबा पडद्यावर आले. "मी मेलो आणि मला कोणी कळवलंही नाही?"

हॉल हास्यात बुडाला. हसू ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. "फोटोला कशाला, नोमसा? ये आणि मला घाल."

"बघते," त्या म्हणाल्या. 'बघते'चा अर्थ जगातल्या सगळ्या आईबापांना ठाऊक असतो. पडद्यावर म्हातारबाबांचा चेहरा पडलेला मला दिसला, आणि फार वाईट वाटलं.

भाषण छान झालं, पण माझं लक्ष नव्हतं. जेवताना वडाभातावर फोडणीचं तेल वाढत मी म्हटलंच, "बाई, लहान तोंडी मोठा घास घेते. देशाने त्यांना भरपूर बघितलं. आता तुम्ही बघून या."

 त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

नागपूरला परतल्यावर शेजारणी विचारायला आल्या, अमेरिकेत काय पाहिलं. मी म्हटलं, एका थोर माणसाची मुलगी. इतिहासात वडिलांची सगळी नोंद असेल. घरात मात्र किती काही राहून गेलं होतं.

त्याच आठवड्यात फोनवर नोमसाबाईंचा निरोप आला, त्यांच्याच आवाजात, केपटाउनहून.

"मी स्वेटर न घालता अंगणात गेले म्हणून बाबा रागावले! जन्मात पहिल्यांदा रागावले मला!"

मागे म्हातारबाबांची बडबड अजून चालूच होती.