एनॉक बक्लीचं मोठं रीळ

प्रिय एनॉक,

तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा आता तुझी भीड बाळगत नाही. गावात तुझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात: तू सरकारी साहेबासमोर लबाडी केलीस, आणि तू वाट वाचवलीस. दोन्ही अर्धवट आहेत. चौकशीच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते आणि अर्धवट गोष्टींचा मला कंटाळा आहे, म्हणून लिहिते. तुझ्यासाठी नव्हे. तुला माहीतच आहे.

एनॉक बक्ली हॅरप क्लफच्या गिरणीत चाळीस वर्षं सूत कातणाऱ्या यंत्रांवर होता. एकटा जीव. अंधारात सुताची गाठ अंगठ्याने ओळखायचा. बायको नाही, कुत्रं नाही, फक्त एक कॅमेरा. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी, व्हिट शुक्रवारच्या सणाला, चॅपलची मिरवणूक निघायची. बँड, निशाण, पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली, अशी सगळी वरात वरच्या शेताच्या अंगणातून झऱ्यापर्यंत जायची. एनॉक फाटकाशी उभा असायचा. वर्षाला एक रीळ, चार मिनिटांचं, आणि डब्यावर साल.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात ते शेत व्हाइटली नावाच्या माणसाने घेतलं आणि फाटकाला कुलूप घातलं. वाट माझी, म्हणाला. लोक वीस वर्षं खंड न पडता त्या वाटेने गेल्याचं सिद्ध केलं, तरच ती लोकांची राहणार होती. चौकशीची तारीख लागली. वीस वर्षांचा पुरावा एकट्या एनॉककडे होता, आणि तो दाखवायला साहेबाने अर्धा तास दिला होता.

पण वीस नव्हतीच. अडुसष्ट साली गुरांत रोगाची साथ होती, शेतं बंद होती, आणि मिरवणूक मोटाररस्त्याने गेली होती. गावाला हे ठाऊक होतं. कोणी विषय काढत नव्हतं.

एनॉकने प्रत्येक वर्षातला फाटकाचा दीड मिनिटाचा भाग कापून काढला आणि मोठी रिळं घ्यायला ओल्डमला पॉम्फ्रेटच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. पॉम्फ्रेटने काउंटरवर दोन साठ मीटरची ठेवली, त्याशेजारी एक एकशेवीसचं.

"तुझं प्रोजेक्टरचं यंत्र साठच्या रिळाचं आहे," पॉम्फ्रेट म्हणाला. "साठची दोन घे आणि मध्ये दिवे लाव. चहा होईल लोकांचा."

मध्ये दिवे लावायचे म्हणजे नेमके सदुसष्टनंतर. साहेबाच्या हातात यादी असणार, आणि समोर दहाऐवजी नऊच डबे उरलेले असणार.

एनॉकने एकशेवीसचं उचललं.

पॉम्फ्रेटने पुन्हा बजावलं. खालचं रीळ टेबलाला घासेल, म्हणून यंत्र कडेला ठेव. भरत आलं की रीळ फिरवणारा पट्टा ओढत नाही, बोटाने मदत कर. "आणि काही झालं तरी मध्ये थांबवू नको. दिवा जुना आहे. थांबलेलं चित्र जळतं."

अखंड अंधारात सांधा दिसत नाही, हे एनॉकने ओळखलं होतं. सदुसष्ट साली त्याने चुकून दोन रिळं काढली होती. दुसऱ्यातला तुकडा त्याने अडुसष्टच्या जागी डकवला. जोडताना भिंगातून पाहिलं, पण टपाल तिकिटाएवढ्या चित्रात नुसते पांढरे ठिपके हलत होते.

चौकशी चॅपलच्या रविवारच्या शाळेच्या दालनात भरली, आणि भर दुपारी पडदे ओढले. यंत्र टेबलाच्या कडेवर, खालचं रीळ हवेत. एनॉक अंगठ्याने रीळ फिरवत होता आणि सांधा बोटाखालून गेला की साल पुकारत होता. लोक दबल्या आवाजात नावं घेत होते, कोण गेलं, कोण कॅनडात. व्हाइटलीचा वकील पेन्सिल आपटत होता.

"सदुसष्ट."

दीड मिनिट गेलं. अंगठ्याखाली गाठ आली.

"अडुसष्ट," एनॉक म्हणाला.

पडद्यावर निशाणाची रिबन धरून लिनेट शेपली आली. दहा वर्षांची, एक मोजा घसरलेला. लिनेट अडुसष्टच्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली होती. तिची आई, हिल्डा, तिसऱ्या रांगेत बसली होती.

एनॉकचा हात बटणावर गेला. थांबवलं तर पोर जळणार. चालू ठेवलं तर खोटं चालणार, तेही तिच्या आईसमोर, पोरीला पुढे करून. पट्टा सुटायला लागला, फिल्म त्याच्या बुटांवर सांडायला लागली, तरी तो हलला नाही. लिनेट फाटकातून गेली. रिबनचं टोक गेलं. मग त्याने बटण दाबलं. रिकामं फाटक पडद्यावर तपकिरी झालं, फुगलं, आणि मधोमध भोक पडलं.

"हे अडुसष्ट नाही, साहेब," तो म्हणाला. "त्या वर्षी आम्ही रस्त्याने गेलो. हे मी जोडलं."

वकील ताडकन उठला. साहेबाने चष्मा काढला आणि कोरड्या आवाजात सांगितलं की एक तुकडा खोटा असेल तर बाकीचे एकोणीस त्यांना मोजता येणार नाहीत. एनॉक खाली वाकून फिल्म गोळा करायला लागला. वाट गेली होती.

तेव्हा हिल्डा उभी राहिली. कोट घातलेला, पर्स पोटाशी.

"सदुसष्टला माझी लिनेट या वाटेने गेली. अडुसष्टला ती नव्हती, आणि साथीमुळे शेतं बंद होती. एकोणसत्तरला मी फाटकाशी उभी राहून दुसऱ्यांच्या मुली मोजल्या. मला सालं शिकवायला फिल्म लागत नाही, साहेब. लिहून घ्या."

साहेबाने लिहून घेतलं. तिच्यामागे आणखी अकरा जण उठले. चौदा महिन्यांनी निकाल आला: साथीने सगळीच शेतं बंद होती, वाट कोणी अडवली नव्हती, म्हणून तो खंड धरायचा नाही. कुलूप निघालं. म्हणजे एनॉकला काही डकवायची गरजच नव्हती. गाढव कुठला.

निकालाच्या आठवड्यात त्याने लिनेटचा तो तुकडा सोडवून सगळ्यात लहान रिळावर गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. हिल्डाला दे, म्हणाला, मला तोंड नाही. ती हो म्हणाली तर यंत्र घेऊन मी येईन.

एनॉक, मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा तिने चहा केला, केक कापला, आणि मी पर्स उघडली नाही. तू त्या शरदात गेलास, ती पुढच्या मार्चमध्ये. रीळ माझ्या बटणांच्या डब्यात आहे.