काळभाताची पंगत

सकाळी अकराच्या सुमारास पातेल्यावरचं झाकण उचललं की असा घमघमाट सुटतो, की सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांच्या घरघरीतही मला भंडारदऱ्याच्या डोंगरातली एक चूल आठवते. मी इथल्या एका कारखान्याचं कॅन्टीन चालवते. तांदूळ पांढरा आणि मोकळा असावा, एवढंच माझं शहाणपण होतं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर धरणाकडे फिरायला गेले आणि भूक लागली म्हणून एका शेतकरी मावशींच्या घरी जेवायला बसले. काळ्या तुसाचा, आत सुगंधी दाणा असलेला काळभात ताटात होता. मी निर्लज्जपणे तिसऱ्यांदा मागून घेतला.

"खा पोटभर," मावशी म्हणाल्या. "फुडल्या साली न्हाई लावायची मी. सासूनं दिलेलं बी हाय, पर गावात समदी आता दुसराच भात लावत्यात. ह्यो घेतंय कोन?"

एवढा गोड वाण एका बाईच्या कणगीत येऊन संपणार! मी म्हणाले, "मावशी, तुम्ही लावा. सगळा मी घेते."

पहिल्याच खेपेला मी माती खाल्ली. सवयीप्रमाणे गिरणीत दोनदा पॉलिश करून भात पांढराशुभ्र करून आणला. वास गिरणीतच राहिला, कामगार मुकाट जेवून गेले. आपला भात खातं कोण ते बघायला मावशी मुद्दाम एसटीनं आल्या होत्या. एक घास घेऊन खदखदून हसल्या. "अगं बया, खरवडून खरवडून पार नागडा केलास की गं त्याला!" मग पदर खोचून त्यांनीच नुसतं तूस काढलेला भात शिजवला. त्या दुपारी माणसं दोनदा रांगेत उभी राहिली. पुढे तर सुट्टीला जाताना घरी न्यायलाही मागू लागली.

गेल्या पावसाळ्यात मावशींचा बांध फुटला आणि रोपं वाहून गेली. बीही शिल्लक नव्हतं. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, आवाजात हसू मावत नव्हतं.

"अगं, शेजारनीनं रोपं दिली! तुझी मानसं मागत्यात म्हून चार घरांनी माझंच बी नेलं हुतं. लावनी झाली बघ!"

मी पातेल्यांच्या मधोमध उभी राहून आनंदानं रडले. दुर्मीळ गोष्ट हात न लावता जपावी, असं मला पूर्वी वाटायचं. हा भात मात्र पुष्कळांनी पोटभर खाल्ला, म्हणून उरला.